आतला तळ: लाकूड, प्लाय की फोम?
होडीची डागडुजी : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण टोचणीने चाचपत कुजलेला भाग शोधला आणि धडधाकट लाकूड लागेपर्यंत कापून काढला. आता होडी उघडी पडली आहे. बूड, त्यावरचे आडवे-उभे आधार आणि मधली रिकामी जागा असं सगळं दिसतं आहे. याच टप्प्यावर बहुतेक मालक दुकानात जाऊन विचारतात, "सगळ्यात चांगला तक्ता कुठला?" पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं: जुना तळ कुजला कशाने? हे नीट कळलं नाही, तर महागातला तक्ताही काही पावसाळ्यांत त्याच जागी मऊ पडेल.

लाकूड कुजवणारी बुरशी जगायला ओल, हवा आणि ऊब मागते. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर तिचं काही चालत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तिची वाढ खुंटते, म्हणून जुन्या काळी शिडाच्या जहाजांच्या सांगाड्यात मुद्दाम मीठ भरत. आपल्या होड्यांचा घात करतं ते पावसाचं गोडं पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पाऊस होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते त्या काळातच येतो. हे पाणी स्क्रूच्या भोकांतून, बाकांच्या पायांखालून, प्लायच्या उघड्या कडांतून आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच मुरतं. म्हणून साहित्य निवडताना दोन गोष्टी बघायच्या: पाणी कुठून शिरेल आणि कुठून निघून जाईल.

लाकडी होडी असेल तर

फळ्यांची होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते. तिच्या प्रत्येक सांध्याला थोडी हालचाल लागते. अशा होडीत आतला तळही सुट्या फळ्यांचाच असावा आणि दोन फळ्यांमध्ये फट ठेवावी. फळ्या उचलून खाली साफ करता आलं, वारा फिरला, की अर्धं काम झालं. सागवान उत्तम, कारण त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं आणि बुरशी त्याला सहजी धरत नाही. मात्र हा गुण गाभ्याचा आहे. फळीच्या कडेला फिकट, पांढरट पट्टा दिसला, तर तेवढा भाग सागाचा असूनही लवकर कुजतो. तो तासून काढायला मेस्त्रींना आवर्जून सांगा. साग परवडत नसेल तर ऐन, किंजळ किंवा जुना फणस विचारात घ्या, पण लाकूड मुरलेलं, नीट वाळलेलं असू द्या.

एक मोह टाळा. जुन्या फळ्यांवर प्लाय ठोकून वरून फायबर चढवला, की होडी नवी दिसते. आत मात्र ओल्या फळ्या कोंडल्या जातात. वरचा थर हलत नाही, खालचं लाकूड हलत राहतं आणि थर सुटतो. तोवर खालचा वाकही (होडीची फासळी) कुजलेला असतो.

फायबरची होडी असेल तर

इथे आतला तळ नुसता उभं राहण्यापुरता नसतो. बुडावरच्या उभ्या आधारांना तो वरून बांधून ठेवतो आणि लाटेचा मार सगळीकडे वाटून देतो. म्हणून तो ताठ हवा. सध्या या कामासाठी किमतीच्या आणि ताठपणाच्या मानाने सर्वांत भरवशाचं साहित्य म्हणजे मरीन प्लाय.

दुकानात 'वॉटरप्रूफ' या एका शब्दावर बरंच काही खपवलं जातं. तक्त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. त्यात फिनॉलिक गोंद लागतो, लाकडावर संरक्षक द्रव्याची प्रक्रिया लागते आणि नमुना ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक आहे, ते कपाटांसाठी ठीक. शिक्क्यावरच थांबू नका. कापलेल्या कडेकडे निरखून पाहा: आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या, तर तक्ता परत करा. त्या पोकळीतून पाणी हातभर आत धावतं. उरलेला तुकडा घरी काही तास उकळून बघा. जो तेवढ्यातच सुटला, तो समुद्रावर टिकणार नाही.

जाडीचा हिशेबही समजून घ्या. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटर घेतला, तर वजन चौथ्या हिश्शाने वाढतं, ताठपणा मात्र जवळपास दुप्पट होतो. दोन आधारांतलं अंतर जास्त असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो.

गोंद उकळत्या पाण्याला दाद देत नाही, म्हणजे लाकूड कुजत नाही असं नव्हे. प्लायच्या कडेला लाकडाचे तंतू कापले जातात आणि ती टोकं गवताच्या नळ्यांसारखी पाणी ओढून घेतात. त्यामुळे बसवण्याआधी तक्त्याच्या वरच्या, खालच्या आणि चारही कडांच्या बाजूंना इपॉक्सी पाजायची, कडांना दोन-तीनदा. स्क्रूचं भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडायचं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू होडीत वापरूच नका.

पॉलिएस्टर की इपॉक्सी?

आपल्याकडे होड्या बहुतेक पॉलिएस्टर रेझिनच्या बनतात, कारण ते स्वस्त पडतं. फायबरवर फायबर चढवायला ते चालतं, पण लाकडाला त्याची पकड कच्ची असते. प्लायला इपॉक्सीच लावा. दोन्हींच्या काचेच्या कापडातही फरक आहे. सुट्या तंतूंच्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावं: हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरं घाला. या कामात हातमोजे आणि चष्मा लागतातच.

काम मे महिन्यात उरका. लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या आत असावा, जमल्यास १२. पावसाळी हवेत लाकूड ओल धरतं आणि ती ओल तुम्ही स्वतःच आत कोंडता. मात्र उन्हात इपॉक्सी भांड्यातच झपाट्याने गोठते, म्हणून पहाटे सुरुवात करा आणि थोडं थोडं कालवा.

लाकूडच नको असेल तर

होडीसाठी बनवलेला पीव्हीसी फोम कुजत नाही आणि हलका असतो. आठ बाय चार फुटांचा १२ मिलिमीटरचा प्लाय साधारण २४ किलो भरतो. तेवढाच, घनमीटरला ८० किलो घनतेचा फोम तीन किलोच्या आत बसतो. पण फोमचं बळ त्याच्या दोन्ही बाजूंच्या फायबरच्या थरांत असतं. ते थर जाड हवेत आणि बाक किंवा टाकी जिथे स्क्रूने बसणार, तिथे घट्ट साहित्याचा ठोकळा घालायला हवा. हे काम जाणणारा कारागीर असेल तरच त्या वाटेला जा. स्वयंपाकघराच्या कपाटांचा पीव्हीसी बोर्ड ही वेगळी वस्तू आहे. तो उन्हात मऊ पडतो आणि माणसाच्या वजनाखाली हळूहळू झोळ धरतो.

अॅल्युमिनियमच्या होडीत ५०८३ किंवा ५०५२ प्रतीचा पत्रा चालतो. मात्र तांब्याचं संरक्षक द्रव्य पाजलेलं लाकूड त्याला टेकवू नका. खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं.

माझं मत स्पष्ट आहे. सर्वसाधारण फायबर होडीला चांगला मरीन प्लाय आणि पुरेशी इपॉक्सी हीच जोडी घ्यावी. पैसे कमी पडत असतील, तर रंगात काटकसर करा, कडा बंद करण्यात नको. आणि तळाखाली पाणी मागे वाहून जाण्यासाठी प्रत्येक आडव्या आधारात भोक, तसंच हात घालून बघता येईल असं एक झाकण ठेवा. समुद्रात पायाखालच्या तळावर कुटुंबाची कमाई उभी असते आणि पर्यटक नेणाऱ्या होडीत परक्याचा जीवही.

पुढच्या आठवड्यात: तक्त्याचा साचा पुठ्ठ्यावर कसा काढायचा, तो आधारांवर कसा बसवायचा आणि कडेचा जोड बुडाला कसा मिळवायचा.