डोहाळे आणि धास्ती

छत्रपती संभाजीनगरात राहायचे आणि पैठण, कन्नड, सिल्लोड किंवा गंगापूरकडच्या शाळेत रोज अप-डाऊन करायचे, अशा शिक्षिका पुष्कळ आहेत. सकाळची एसटी, तास-दीड तासाचा प्रवास, दिवसभर उभे राहून शिकवणे आणि पुन्हा तोच रस्ता. यांपैकी एखादीला पहिल्यांदा दिवस गेले की पुढचे दोन-अडीच महिने कसे जातात, ते शिक्षकखोलीत बसणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. कुणी डबा उघडला की ती उठून बाहेर जाते. फोडणीचा, डिझेलचा, अगदी ओल्या खडूचाही वास तिला सोसत नाही. सल्ले तिला भरपूर मिळतात. शरीरात काय चालले आहे हे मात्र फारसे कुणी सांगत नाही आणि त्यामुळे साध्या गोष्टींचीही धास्ती वाटू लागते.

आधी हिशेबाचा घोळ मिटवू. डॉक्टर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा होते ती त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकते त्या दिवशी कागदावर 'चार आठवडे' लिहिले जाते, तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. हा फरक ठाऊक नसला की घाबरगुंडी उडते. पाचव्या आठवड्यात सोनोग्राफी केली आणि 'पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत' असे ऐकले की घरात रडारड सुरू होते. वास्तविक त्या वेळी ठोके दिसायचेच नसतात. ते बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. पाळी अनियमित असेल तर आणखी उशिरा. आठ-दहा दिवस थांबून पुन्हा तपासणी करायला सांगितले, तर त्यात वाईटच बातमी दडलेली आहे असे समजू नये. (आपले 'नऊ महिने नऊ दिवस' या हिशेबाला बऱ्यापैकी जुळते. डॉक्टर २८० दिवस धरतात. इंग्रजी महिन्यांनी नऊ महिने नऊ दिवस म्हणजे सुमारे २८३ दिवस.)

फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजते ते बहुतेक वेळा आठ ते दहा दिवसांनी. त्याच्या बाहेरच्या पेशींपासून पुढे वार तयार होते. या पेशी रुजताक्षणीच एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. त्याचे नाव एचसीजी. घरी वापरायच्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती यामुळेच. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचे प्रमाण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते आणि मग उतरते. मळमळ आणि उलट्यांचे वेळापत्रकही जवळपास असेच आहे. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात, नवव्याच्या सुमारास कहर, आणि बहुतेकींना बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत उतार. त्यामुळे अनेक वर्षे एचसीजीलाच दोषी धरले जात होते. पण एक कोडे उरत होते. दोघींच्या रक्तात हे संप्रेरक सारखेच असले तरी एक तिसऱ्या महिन्यातही पुरणपोळी खाते आणि दुसरीला पाणीसुद्धा टिकत नाही. असे का?

याचे बरेचसे उत्तर डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले. अमेरिकेतील मार्लिना फेझो, केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जीडीएफ १५' या प्रथिनाचा माग काढला. हे प्रथिन एरवीही आपल्या रक्तात थोडे असते. पेशींवर ताण आला की वाढते. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, जिथून ओकारीची सूत्रे हलतात, तिथे त्याला ओळखणारे ग्राहक असतात. गरोदरपणात वार आणि गर्भ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतात आणि ते आईच्या रक्तात उतरते. इथपर्यंत अंदाज होताच. नवी गोष्ट अशी की, ज्या स्त्रीच्या रक्तात गरोदर होण्यापूर्वी हे प्रथिन कमी असते, तिला त्रास जास्त होतो. तिच्या मेंदूला त्याची सवय नसते आणि एकाएकी लोंढा येतो. उलट थॅलसेमिया असलेल्या काही स्त्रियांच्या रक्तात ते आयुष्यभर जास्तच असते, आणि त्यांना गरोदरपणी मळमळ फारच कमी होते. उंदरांना आधी या प्रथिनाची सवय लावली, तर नंतरच्या मोठ्या मात्रेचा त्यांच्यावर कमी परिणाम होतो, असेही दिसले. डॉ. फेझो यांचा स्वतःचा गर्भ १९९९ मध्ये अशाच अतितीव्र उलट्यांमध्ये पंधराव्या आठवड्यात गेला होता.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य डॉक्टरांमध्ये असे मानणारे पुष्कळ होते की, जिला खूप उलट्या होतात तिला मनातून ते मूल नको असते. आपल्याकडे शब्द वेगळे, भाव तोच: 'आम्हांला नाही झाले असले काही', 'नाजूकपणा फार', 'मनावर घेतले की वाढते'. कडक डोहाळे हा मनाचा खेळ नव्हे. दुसऱ्या जिवाच्या पेशींनी तयार केलेले रसायन आईच्या मेंदूवर काम करते, अशी ही गोष्ट आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत गर्भिणीला 'द्विहृदया' म्हटले आहे. पूर्वजांना जनुके ठाऊक होती असा अर्थ काढायची गरज नाही. पण दोन जीव एका शरीरातून बोलतात हे निरीक्षण मात्र चांगले होते.

सुमारे सत्तर टक्के गरोदर स्त्रियांना मळमळ होते. सकाळीच नव्हे, दिवसभर. उरलेल्यांना काहीच होत नाही आणि मग त्यांना वेगळीच धास्ती: गर्भ ठीक आहे ना? आधी एक-दोनदा गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२०१६) मळमळ असलेल्यांमध्ये गर्भ टिकण्याचे प्रमाण जास्त आढळले, हे खरे. पण तो समूहाचा कल झाला. मळमळ न होणाऱ्या असंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात. 'उलट्या फार म्हणजे मुलगी' हा समजही असाच. रुग्णालयात दाखल करावे लागेल इतक्या उलट्या झालेल्या स्त्रियांची स्वीडनमध्ये पाहणी झाली, तेव्हा शंभरात सुमारे ५६ मुली निघाल्या. म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित जास्त, तेही फक्त सर्वांत तीव्र प्रकारात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. अशा भागात हा समज निव्वळ गमतीचा राहत नाही. ओकाऱ्या मोजून सुनेकडे वाकड्या नजरेने पाहणारी घरे आहेत.

बाकीच्या लक्षणांचा खुलासा थोडक्यात. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्याचे आणि जठराच्या तोंडाचे स्नायू सैलावतात; म्हणून पोट फुगते, शौचाला खडा होतो, छातीत जळजळते. झोप येते तीही बऱ्याच अंशी त्यामुळेच. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून प्रार्थनेला फार वेळ उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रपिंडे जवळजवळ दीडपट काम करू लागतात, म्हणून वारंवार लघवीला जावे लागते. आणि इथे आपल्या शाळांचा प्रश्न येतो. स्वच्छतागृह धड नसले की शिक्षिका पाणीच पीत नाहीत. मराठवाड्याचा उन्हाळा, उलट्या आणि वर पाणी तोडणे, हे तिन्ही एकत्र आले की शरीर कोरडे पडते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि मळमळ आणखी वाढते.

मग करायचे काय? रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि तुडुंब भरल्यावरही वाढते. तेव्हा दर दीड-दोन तासांनी थोडे खावे. उठण्याआधी अंथरुणातच चार घास कोरडे: मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, कडक भाकरीचा तुकडा. पाणी जेवणाबरोबर न पिता मधूनमधून घोट घोट प्यावे. गरम अन्नाचा वास जास्त येतो. गार दहीभात त्यामानाने सोसतो. आल्याने मळमळ काही प्रमाणात कमी होते असे चाचण्यांत दिसले आहे, म्हणून आलेपाकाची वडी पर्समध्ये ठेवायला हरकत नाही. या दिवसांत आहार चौरस झालाच पाहिजे असा हट्ट धरू नये. बाराव्या आठवड्याचा गर्भ लिंबाएवढा असतो. आई दोन महिने भात-लोणच्यावर राहिली म्हणून तो उपाशी मरत नाही.

यानेही भागले नाही तर औषध आहे. पण 'गरोदरपणात गोळी नको' ही भीती खोल आहे आणि तिला इतिहासही आहे. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात थॅलिडोमाइड हे औषध झोपेसाठी आणि मळमळीसाठीही दिले गेले. हजारो मुले हात-पाय खुरटलेली जन्मली. त्यानंतर प्रत्येक गोळीवर संशय आला. त्याचा फटका एका निरपराध औषधाला बसला. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांचे मिश्रण अमेरिकेत १९५६ पासून वापरात होते. खटल्यांना कंटाळून कंपनीने ते १९८३ मध्ये बाजारातून काढले. पुढच्या वर्षांत जन्मजात व्यंगे कमी झाली नाहीत. उलट्यांमुळे रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या. २०१३ मध्ये तेथे त्याच मिश्रणाला पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडेही डॉक्टर ते लिहून देतात. सहन करत बसण्यात काही पुण्य नाही.

एक गोळी मात्र मळमळ असो वा नसो, घ्यायचीच: फोलिक आम्लाची. तिची कथा मुंबईत सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या, तेव्हा गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होत असे. लोहाने तो बरा होत नसे. विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले की, यीस्टच्या स्वस्त अर्काने तो हटतो. त्यातला गुणकारी घटक दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल नाव पडले. १९९१ मध्ये सिद्ध झाले की, ते वेळेवर घेतल्यास गर्भाच्या मज्जारज्जूची व्यंगे बहुतांशी टळतात. ही मज्जानलिका मिटते ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरते तेव्हाच सुरू करायची. लोहाची गोळी आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून देतात. आधीपासून सुरू असेल आणि तिने मळमळ वाढत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती खावीशी वाटणे हे पुष्कळदा लोह कमी असल्याचे लक्षण असते. 'डोहाळेच ते' म्हणून सोडून न देता रक्त तपासावे.

आता सर्वांत मोठी धास्ती. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चौघींपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे गरोदरपण पुढे सुरळीत चालते. तरीही दिवस गेल्याचे कळल्यानंतर शंभरातले दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, बहुतेक बाराव्या आठवड्याच्या आत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ही चूक बीज किंवा शुक्रपेशी तयार होताना किंवा गर्भाच्या पहिल्या काही विभाजनांत होते. नंतर कोण किती जिने चढले याने ती घडतही नाही आणि टळतही नाही. अजिंठ्याकडे जाणारा रस्ता चौपदरीकरणासाठी अनेक वर्षे खोदून ठेवला होता. त्या काळात त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या काही शिक्षिका गर्भ गेल्याचा दोष आजही त्या खड्ड्यांना देतात, आणि खड्ड्यांपेक्षा जास्त स्वतःला: 'रजा घेतली असती तर...' पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कटीच्या हाडांच्या कड्यात असते. बसच्या हादऱ्यांनी निरोगी गर्भ निसटत नाही. पिकल्या पपईने गर्भ पडतो यालाही पुरावा नाही. (कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन प्रयोगशाळेत दिसले आहे, तेव्हा कच्ची टाळावी.) घरच्यांनी निदान 'काय खाल्ले होतेस?' हा प्रश्न विचारू नये.

वाट न पाहता रुग्णालयात जावे अशा गोष्टी मोजक्या आहेत. पाण्याचा घोटही दिवसभर टिकत नाही, लघवी गडद आणि अगदी थोडी होते, वजन झपाट्याने उतरते. तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव. ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखणे आणि त्याबरोबर चक्कर किंवा खांद्यात कळ. यात गर्भ नलिकेत रुजलेला असू शकतो आणि जीव धोक्यात येतो. ताप. अशा वेळी १०८ ला फोन करावा. शहरात घाटी रुग्णालय चोवीस तास उघडे असते. आणखी एक बारकावा: दोन-तीन आठवडे उलट्या चालू असतील तर शरीरातले ब-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते. त्या अवस्थेत नुसते साखरेचे सलाईन चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी ब-१ द्यावे लागते. नातेवाइकांनी 'उलट्या इतक्या दिवसांपासून आहेत' एवढे जरी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले तरी खूप झाले.

राहिला प्रश्न सांगण्याचा. तीन महिने कुणाला सांगायचे नाही, ही आपली रीत. चोरओटीसुद्धा नावाप्रमाणे गुपचूप. गर्भ जाण्याची शक्यता याच काळात जास्त, हे पाहता रीत अगदीच निराधार नाही. पण त्रासही याच काळात सर्वांत जास्त आणि मदत शून्य, असा तिचा परिणाम होतो. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, जेव्हा तिला सगळे पचू लागलेले असते. गावभर सांगायला नको. मुख्याध्यापकांना आणि एका सहकारी शिक्षिकेला सांगितले तर पहिला तास बदलून मिळतो, वर्गात खुर्ची मिळते आणि बाहेर जावे लागले तर वर्ग सांभाळायला कुणीतरी असते.