दोन जनुकांमधल्या मोकळ्या जागेत दडलंय काय?

पुण्याजवळच्या भूगावच्या मानस तलावावर रविवारी जमणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या आतड्यात ई. कोलाय हा जिवाणू असतो. त्याच्या डीएनएची ४६ लाख अक्षरं १९९७ मध्ये वाचून झाली, सुमारे ४,३०० जनुकं मोजली गेली, तरी कितीतरी नजरेतून निसटलीच!

ती निसटली, कारण ती चिमुकली, बहुतेक ५० ते ३०० अक्षरांची. शिवाय त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, नुसता आरएनए बनतो. जनुकं हुडकणारी सॉफ्टवेअर मात्र प्रथिनांच्याच खुणा शोधत होती.

मग सापडायची कशी? भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले, तसंच इथे केलं. ई. कोलाय आणि टायफॉइडवाला साल्मोनेला हे चुलतभाऊ. वेगळे होऊन अंदाजे दहा कोटी वर्षं झाली. एवढ्या काळात जनुकांमधल्या मोकळ्या जागेतली अक्षरं पार बदलायला हवीत. जिथे ती टिकली, तिथे नक्की काहीतरी कामाचं आहे! २००१ मध्ये अमेरिकेत गिझेला स्टॉर्झ आणि सुझन गॉट्समन यांच्या चमूने असे १७ नवे आरएनए शोधले, तर जेरुसलेमच्या चमूने १४.

मला सर्वांत आवडते ती एलेना रिव्हास आणि शॉन एडी या संशोधकांची युक्ती. आरएनए स्वतःवरच दुमडतो. मग त्याच्या अक्षरांत ‘जी’समोर ‘सी’, ‘ए’समोर ‘यू’ अशा जोड्या जुळतात. एका भावात जी-सी आणि दुसऱ्यात त्याच जागी ए-यू दिसलं, तर अक्षरं बदलली पण जोडी शाबूत राहिली. म्हणजे तिथे बदल हाच आरएनए असल्याचा पुरावा!

या आरएनएंची कामंही बघा. ९० अक्षरांचा रायबी हा आरएनए लोहाचा तुटवडा पडला की लोह खाणारी प्रथिनं बनवणं थांबवतो. ६-एस आरएनए १९६७ मध्येच दिसला होता. त्याचं काम कळायला २००० साल उजाडलं.

ताडून पाहण्याच्या या पद्धतीला मर्यादाही आहे. १८९७ मध्ये पुण्यात थैमान घालणाऱ्या प्लेगचा जिवाणू यर्सिनिया कुळातला. त्याच्या अगदी सख्ख्या नातलगाचा आरएनए २०११ मध्ये थेट वाचला, तेव्हा १५० नवे छोटे आरएनए मिळाले आणि त्यांतले बहुतेक ई. कोलाय किंवा साल्मोनेलात नाहीतच. या दोघांशी ताडून ते कधीच सापडले नसते. त्यासाठी यर्सिनियाचीच भावंडं शेजारी मांडावी लागतात.