डोक्यावर गाय, गालावर मासा

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या सलूनमध्ये बसायला जागा मिळाली, तर नशीब जोरावर आहे असं समजायचं. आमचं नव्हतं. मी आणि माझा पाचवीतला भाचा दाराशी उभे राहून भिंतीवरचं पोस्टर बघत होतो. एकाखाली एक मुंडकी, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी कलाकुसर.

"मामा, इंग्लिशमध्ये केसांना प्राण्यांचीच नावं का रे ठेवतात?" भाच्यानं विचारलं. ताईच्या पोनीटेलचा अर्थ लहान चणीच्या घोड्याची, म्हणजे तट्टाची शेपटी, हे त्याला नुकतंच कळलं होतं आणि तेव्हापासून घरात खिंकाळणं चालू होतं.

मग आम्ही मोजायलाच लागलो. दोन शेंड्या घातल्या की त्या पिगटेल, म्हणजे डुकराची शेपटी. बॉबकट? घोड्याच्या आखूड कापलेल्या शेपटीला इंग्रजीत बॉबटेल म्हणतात, त्यातलाच हा बॉब. हनुवटीपुरती दाढी ठेवली की ती गोटी, कारण गोट म्हणजे बोकड. पुढे आखूड आणि मानेवर लांब केस सोडले की मलेट, आणि मलेट हे एका माशाचंही नाव आहे. कोणत्या? खाडीतली आपली बोय! पण सगळ्यात भारी शब्द भाच्याच्याच डोक्यावर होता. त्याच्या कपाळाशी केसांचा एक झुपका कायम उभा असतो. तेल लावा, पाणी लावा, थापटा, तो आपला अँटेनासारखा वर. त्याला इंग्रजीत म्हणतात काउलिक. गायीनं चाटलेलं! वासराला गाय चाटते तेव्हा तिच्या खरबरीत जिभेनं केस कसे उलटे उभे राहतात, ते कुणा इंग्रजानं गोठ्यात नीट पाहिलं असणार.

भाचा खूश झाला. "म्हणजे माझ्या डोक्यावर गाय बसलीये!"

बसलेली नाही, चाटून गेलीये. आणि ती का चाटून गेली तेही सांगतो. केस कातडीतून सरळ खांबासारखा वर येत नाही, तिरका येतो. त्याचं मूळ ज्या लहानशा पिशवीत असतं, ती पिशवीच तिरकी असते आणि तिचा कल आईच्या पोटातच ठरून जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला हे कल गोल फिरत जातात. तो आपला भोवरा. (नदीतही भोवरा, हातातही भोवरा, डोक्यावरही भोवरा, मराठीनं एकाच शब्दात तिन्ही गरगर बसवल्या. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, असं आमची आजी सांगायची. माझे दोन आहेत, लग्न एकच झालं.) जिथे काही केसांचा कल एका दिशेला आणि शेजारच्यांचा भलतीकडेच असतो, तिथे झुपका उभा राहतो. त्यात कंगव्याचा काही दोष नाही.

तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली. सलूनवाल्या काकांनी भाच्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि विचारलं, "साइडला किती नंबर मारू?"

भाचा गोंधळला. त्याला वाटलं परीक्षेतला नंबर.

मशीनच्या तोंडाला प्लॅस्टिकचं दातेरी टोपण लावतात, त्यावर आकडा असतो. एक नंबर लावला तर साधारण ३ मिलिमीटर केस शिल्लक राहतात, दोनला ६, तीनला ९. आता गंमत बघा. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा भाग. मग एक नंबर म्हणजे नऊ दिवसांचे केस आणि दोन नंबर म्हणजे अठरा दिवसांचे! भाच्यानं बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "काका, दोन मारा. एक नंबरवाले आईला आवडत नाहीत."

मशीन घुर्रर्र करत कानावरून गेलं. दुखलं नाही. दुखणार कसं? कातडीबाहेर आलेला केस जिवंत नसतोच. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. आपली नखं त्याचीच, घोड्याचे खूर त्याचेच, गायीच्या शिंगावरचं कवच आणि कोंबडीची पिसंही त्याच घराण्यातली. माशाचे खवले मात्र या घराण्यातले नाहीत.

पण मासा गालावर आहेच. काकांनी विचारलं, "कल्ले ठेवू का?" बाजारात मासा ताजा आहे का बघायला आई काय उचलून बघते? कल्ले! आणि कानासमोर गालावर उतरलेले केस? तेही कल्ले. इंग्रज डोक्यावर गुरं पाळत असतील, आपण गालावर मासा ठेवलाय. आणि केसांचा खोपा म्हणाल तर तो सुगरणीकडे आहेच.

कल्ल्यांना इंग्रजीत साइडबर्न म्हणतात. त्यात भाजण्याबिजण्याचा काही संबंध नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्यात अँब्रोज बर्नसाइड नावाचा एक सेनापती होता. हनुवटी गुळगुळीत, पण कल्ले असे दांडगे की गालांवरून थेट मिशीला जाऊन मिळालेले. लोकांनी त्याचंच नाव कल्ल्यांना दिलं आणि पुढे ते उलटं करून टाकलं. बर्नसाइडचं झालं साइडबर्न.

इंग्रजी आणि केस म्हटल्यावर आठवलं, भाच्याची शाळेची वही आदल्याच दिवशी मी पाहिली होती. त्यात सुट्टीतली एक ओळ होती : आय कट माय हेअर्स. वाचून इंग्रज घाबरेल. त्याला वाटेल, या पोरानं स्वतःच कातर घेऊन आपले केस कापले. आपण मराठीत कसं म्हणतो? 'केस कापले' वेगळं आणि 'केस कापून घेतले' वेगळं. इंग्रजीत हे 'घेतले' आणायला आय हॅड माय हेअर कट असं लिहावं लागतं. आणि तो शेवटचा स? 'मला दोन भात वाढ' असं कुणी म्हणतं का? भात तो भात, मोजायची ती शितं. इंग्रजीतलं डोक्यावरचं हेअर अगदी भातासारखं आहे. मात्र भातात एखादा केस सापडला, तर तो मोजता येतो. तेव्हा अ हेअर.

काकांनी शेवटी ओल्या हातानं तो झुपका दाबून बसवला. आरशात भाचा एकदम शहाणा दिसायला लागला. पाण्यानं केराटिनमधले काही नाजूक बंध सुटतात, म्हणून ओला केस सांगाल तसा वळतो. वाळायला लागला की बंध पुन्हा जुळतात.

आम्ही पुलावरून रोह्याकडे निघालो. कुंडलिका नदीवरून वारा येत होता. अर्धा पूल झाला नसेल, भाच्यानं कपाळाला हात लावून बघितला.

"मामा," तो म्हणाला, "गाय उठली."