शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा खेळ

नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, महिला दिन किंवा तोंडावर आलेली पालिका निवडणूक, यातलं काहीही जवळ आलं की भोसरी, चिखली, मोशी, चाकणच्या चौकांत 'खेळ पैठणीचा'चे फ्लेक्स लागतात. सोसायटीमागच्या मैदानात मांडव, एलईडी पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारातच कूपन. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या टीव्ही कार्यक्रमात आदेश बांदेकर पैठणी घेऊन घरोघरी जायचे. तिथे खेळणाऱ्या वहिनी मोजक्या, बाकीचा महाराष्ट्र टीव्हीसमोर. मैदानात मात्र शेकडो जणी समोरच बसलेल्या, पैठणी एकच आणि प्रत्येकीला खेळायचंय. त्यांना तीन तास धरून ठेवण्याचं कसब निवेदकाच्या बोलण्यापेक्षा खेळांच्या निवडीत आणि क्रमात असतं.

जाणता निवेदक पहिली फेरी साहित्याशिवाय घेतो. त्यासाठी तळ्यात-मळ्यात अव्वल. जमिनीवर फक्कीची एक रेघ मारली की शंभर जणी एकदम खेळू शकतात. हुकुमांचा वेग वाढत जातो, दहा जणी एकाच वेळी चुकतात आणि हसत बाहेर येतात. एकटीवर डोळे रोखले जात नाहीत, म्हणून पन्नाशीच्या काकूही उठतात. उलट सुरुवातीलाच एकेकीला स्टेजवर बोलावून 'नाव काय, माहेर कुठलं' सुरू केलं, की मागच्या रांगांत मोबाइल निघालेच.

साहित्य शेवटच्या फेऱ्यांना. केसांत स्ट्रॉ खोवण्याचा खेळ घरात झकास रंगतो, पण मैदानात तिसऱ्या रांगेमागे स्ट्रॉ दिसतच नाही. फुगा लांबून दिसतो, फुटला की माइकशिवाय ऐकू येतो. कागदी ग्लासांचा मनोरा कोसळला तर पंच लागत नाही. सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, त्यामुळे 'चीटिंग झाली' हे भांडणही टळतं. संगीत खुर्ची मात्र मी ठेवणार नाही. काठपदराची साडी, पायाखाली सरकणारं मॅट आणि एका खुर्चीकडे धावणाऱ्या दोघी, यातून कुणीतरी पडणारच.

या औद्योगिक पट्ट्यातलं घड्याळ पाळ्यांवर चालतं. नाइटला जाणाऱ्याचा डबा वेळेत द्यायचा असतो, फर्स्ट शिफ्टची बस पहाटे नाक्यावर येते. कितीतरी जणी स्वतःच दिवसभर कंपनीत लाइनवर उभ्या राहून आलेल्या असतात. गर्दी पांगू नये म्हणून आयोजक लकी ड्रॉ अगदी शेवटी ठेवतात. बायका थांबतात खऱ्या, पण जीव घराकडे लागलेला असतो. त्यापेक्षा प्रत्येक फेरीनंतर एक छोटा ड्रॉ काढावा आणि संपण्याची वेळ पत्रिकेवर छापून ती पाळावी.

आपल्याकडे याहून सरस रचना आधीपासून आहे, ती भोंडल्यात. पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणी आणि शेवटी झाकलेला डबा : खिरापत ओळखा. गोड की तिखट, ओली की कोरडी, कोणीही कुठूनही ओरडावं. चुकलं तरी कुणी बाद होत नाही आणि खिरापत सगळ्यांच्या हातावर पडते. उत्सुकता शेवटपर्यंत टिकते, हरणारी मात्र एकही नसते. पैठणीच्या खेळात हे सहज आणता येईल. स्टेजवर झाकलेला डबा ठेवायचा, दोन फेऱ्यांच्या मध्ये खुर्च्यांतून अंदाज मागवायचे.

सगळ्यात जपून रचावा लागतो तो उखाणा. पहिल्याच पायरीवर नवऱ्याचं नाव मागितलं की विधवा, घटस्फोटित, अविवाहित जणी न बोलता मागे सरकतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. शहरातल्या मांडवात तेवढं तरी व्हावं. 'जिचं नाव अभिमानाने घ्यावंसं वाटतं, तिचं घ्या' एवढं सांगितलं तरी दार उघडतं. मग उखाणा असाही होऊ शकतो : 'चाकणच्या बाजारात कांद्याची रास, आई मंदाकिनीचं नाव घेते, तिच्यामुळे झाले बारावी पास.' अशा उखाण्यालाही टाळी पडेल. कुणाच्या जाडीवर, रंगावर, बोलीवर केलेल्या विनोदालाही हशा मिळतो, पण पुढच्या फेरीला हात वर करणाऱ्या कमी होतात.

लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याहून आलेली कुटुंबं इथे एकाच मजल्यावर वर्षानुवर्षं राहतात, तरी शेजारणीचं नाव माहीत नसतं. म्हणून एक फेरी जोडीची ठेवावी, आणि जोडी मैत्रिणींची न लावता कूपनच्या शेवटच्या आकड्यावरून लावावी. दोघींनी एकमेकींची तीन उत्तरं सांगायची : गाव, आवडती भाजी, कोणत्या इमारतीत राहता. साहित्य शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि बसल्या जागी सगळा मांडव खेळतो.