भाड्याचे घर, अकरा महिने आणि झुरळे

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर पूर्वी कीटकनाशकांचा मोठा कारखाना होता. आज त्या भागात उंच निवासी इमारती आहेत. तेथे अकरा महिन्यांच्या कराराने राहायला आलेले कुटुंब ओट्याखालचे कपाट उघडते आणि झुरळे पळताना दिसतात. मालक म्हणतो, ‘तुमच्या सामानातून आली.’ भाडेकरू म्हणतो, ‘आधीपासूनच होती.’ अखेर फवारणीचा खर्च अनामत रकमेतून कापला जातो.

खरे तर दोघांचेही म्हणणे शक्य कोटीतले आहे. मोरीतून वर येणारे मोठे तांबूस झुरळ वेगळे. घरात वस्ती करते ते लहान, जेमतेम दीड सेंटिमीटरचे, डोक्यामागे दोन काळसर पट्टे असलेले. त्याला ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. (लिनीअसने १७६७ साली तसे नाव ठेवले, एवढाच जर्मनीशी संबंध! २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात वेगळी झाली.) ते मिक्सरच्या तळाशी किंवा खोक्याच्या घडीत बसून बिऱ्हाडाबरोबर येते, तसेच नळाभोवतीच्या भोकातून शेजारच्या घरातूनही येते.

मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिल्ले निघण्याच्या बेतापर्यंत पोटाला चिकटवून फिरवते. उबदार हवेत पिल्ले दोनेक महिन्यांत प्रौढ होतात. म्हणजे एका करारात झुरळांच्या निदान तीन पिढ्या होतात. फवाऱ्यातून जी वाचतात ती भिंतीपलीकडे सरकतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या गटाने (त्यात अमेय गोंधळेकर हेही होते) भाड्याच्या इमारतींत याची तपासणी केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्कादायक होते. औषधे आलटून पालटून फवारली तरी झुरळे कमी झाली नाहीत. काही ठिकाणी एकाच पिढीत प्रतिकारशक्ती चार ते सहा पट वाढली. जेथे झुरळे त्या औषधाला मुळात सरावलेली नव्हती, तेथे मात्र एकाच प्रकारच्या विषारी आमिषाने ती जवळजवळ संपली.

आमिषालाही ती चकवतात. फ्लोरिडातील काही झुरळे ग्लुकोज असलेले आमिष टाळतात, असे ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी १९९३ साली दाखवले. २०१३ साली कारण कळले: त्यांच्या मुखांगांवरील कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाच प्रतिसाद देऊ लागल्या होत्या. गोड त्यांना कडू लागत होते!

म्हणून जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांपाशी, फ्रीजच्या मोटारीजवळ, सिंकखाली द्यावेत आणि तेथे फवारा मारू नये. त्याच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. रात्री सिंक कोरडे ठेवावे. नळाभोवतीची भोके सिमेंटने बुजवावीत. आणि हे वरच्या-खालच्या घरांतही एकाच आठवड्यात झाले पाहिजे, म्हणजे काम सोसायटीचे आहे, एकट्या भाडेकरूचे नव्हे.

वर्गात हा प्रयोग देता येईल. काचेच्या बरणीच्या आतल्या काठाला व्हॅसलीन चोळावे, तळाशी पावाचा तुकडा ठेवावा, बाहेरून कागद गुंडाळावा. मुलांनी ती रात्रभर ओट्याखाली ठेवून सकाळी बिनपंखांची पिल्ले आणि पंखवाली प्रौढ झुरळे वेगवेगळी मोजावीत व तारखेसह नोंदवावीत. बरणी उघडायचे काम मोठ्यांनी करावे. पिल्ले जास्त असतील तर वस्ती जवळपासच आहे. नव्या घरात सामान लावण्याआधीच्या रात्री अशी नोंद केली, तर झुरळे कोणाची या वादात ती दाखवता येते.