कॅमेऱ्याभोवतीचं काळं कडं

"दादा, जुन्या डिस्प्लेला हे काळं एवढं जाड नव्हतं की!" कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर ही तक्रार आता नित्याची झाली आहे. गिऱ्हाईकाचं बोट सेल्फी कॅमेऱ्याच्या छिद्राभोवतालच्या कड्यावर असतं, आणि बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं. फक्त एक गैरसमज असतो. ते कडं म्हणजे नुसता काळा रंग, असं त्याला वाटतं.

त्या काळ्याखाली वाहतूक चालू असते. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, आडव्या आणि उभ्या धातूच्या रेघांच्या चौकात बसलेला असतो. कोणत्या ओळीची पाळी आहे ते आडवी रेघ सांगते, आणि त्या ठिपक्याने किती उजळायचं ते उभी रेघ. आता या जाळीत मधोमध भोक पाडा. आडव्या रेघांचं फारसं अडत नाही. बहुतेक चांगल्या पडद्यांत त्यांना डाव्या-उजव्या दोन्ही कडांनी चालवता येतं. उभ्यांची मात्र पंचाईत होते. त्या सगळ्या खालच्या चिपमधून निघतात, आणि भोकाच्या वर जी चिंचोळी पट्टी उरते तिथले पिक्सेल त्यांच्याच भरवशावर असतात. मग त्यांना भोकाला वळसा घालून वर जावं लागतं.

हिशेबच मांडू. साडेसहा इंची पडदा, १०८० बाय २४०० पिक्सेल. मिलिमीटरभर रुंदीत साधारण १६ पिक्सेल बसतात. भोक ४ मिलिमीटरचं धरलं तर ६४ उभ्या रांगा अडल्या. ॲमोलेड पडद्यात एका रांगेला बहुधा दोन रेघा, म्हणजे सव्वाशेच्या वर झाल्या. निम्म्या डावीकडून वळवा, निम्म्या उजवीकडून, आणि हे सगळं मिलिमीटरभर कड्यात! एका रेघेच्या वाट्याला केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सासुद्धा धड येत नाही. कडं आणखी बारीक करायचं तर रेघा धातूच्या वेगवेगळ्या थरांत एकावर एक न्याव्या लागतात, आणि थर वाढला की खर्च वाढला. धातू चकाकतो, वळणांची जाळी उजेडात दिसते, म्हणून वरून काळं झाकण. वरच्या काठाला चिकटलेल्या नॉचमध्ये, म्हणजे खाचेत, ही भानगड नव्हती. त्याच्यावर पडदाच नाही, म्हणून उभ्या रेघा तिथंच संपायच्या. डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी ए८एस आणि पाठोपाठ ऑनरचा व्ह्यू २० आला, तिथून ही वळशाची डोकेदुखी सुरू झाली.

कड्याला आणखी एक काम असतं, आणि आमच्याकडच्या पावसात ते जास्त जाणवतं. ओलेड पडद्यातले (ॲमोलेड त्यातलाच) उजेड देणारे थर ओल आणि हवेने खराब होतात. पडद्याच्या चारी बाजू कंपनीने बंद केलेल्या असतात, पण मध्ये भोक पाडलं की आत शिरायला नवीन दार झालं. म्हणून भोकाभोवती बारीक बांध आणि चर करून वरून सील करतात. फोन पडला आणि तिथं केसाएवढी चीर गेली, की काही दिवसांत कॅमेऱ्यापासून काळा डाग पसरायला लागतो. कधी छिद्राच्या रांगेतच उभी रेघ येते. तेव्हा "फक्त काच बदला" म्हणून काही होत नाही.

मग भोकच नको, कॅमेरा पडद्याखाली दडवा, असं कुणालाही वाटेल. झेडटीईने २०२० मध्ये ॲक्सॉन २० मध्ये ते केलं, २०२१ मध्ये सॅमसंगने फोल्ड ३ मध्ये. इथं काळ्या कड्याचा आडोसा मिळत नाही, रेघा थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर येतात. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून मूर्तीपर्यंत पोहोचायला वाट मोकळी लागते, तसंच हे. म्हणून तिथं पिक्सेल विरळ करतात, त्यांना चालवणारी सर्किटं बाजूला सरकवतात आणि जोडणीसाठी इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेघा वापरतात. पण त्यांतून वीज धातूइतकी सहज जात नाही, म्हणून अख्खा पडदा त्यांवर चालवता येत नाही. शिवाय उरलेल्या बारीक फटींतून प्रकाश वाकतो, आणि फोटोतल्या दिव्यांना शेपट्या फुटतात. फोल्ड ३ च्या पडद्यावर तो तुकडा जाळीसारखा दिसायचाही. २०२५ च्या फोल्ड ७ मध्ये सॅमसंग मुकाट्याने भोकावर परतली. मला विचाराल तर बरं केलं.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. ओलेडच्या जागी स्वस्त एलसीडी पडदा टाकला की कडं जाड होतंच. एलसीडीच्या मागे दिव्याचा थर असतो. त्याचा उजेड कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून भोकाभोवती भिंत लागते, आतलं लिक्विड क्रिस्टल बाहेर येऊ नये म्हणून सीलही लागतं. भिंत कच्ची असेल तर सेल्फी धुरकट येते. पडद्याखालचा प्रकाशावर चालणारा फिंगरप्रिंट सेन्सर तर बंदच पडतो, कारण मधे तो दिव्याचा थर आला. स्वस्त डिस्प्ले टाकू नका असं मी म्हणणार नाही. जुन्या फोनच्या ओलेडवर फोनची निम्मी किंमत कशाला घालवायची? पण काय टाकतोय ते दुकानदाराने आधी सांगायला हवं, आणि पुष्कळ जण सांगत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी डिस्प्ले बदलताना तो चिकटवायच्या आधी नुसता जोडून चालू करायला सांगा. पांढरा फोटो लावून कडं बघा, अंधारात एक सेल्फी काढा, फिंगरप्रिंट लावून बघा. सगळं पटलं तरच गोंद लावू द्या.