थंडीत अडलेली गाडी

पौषातली पहाट. उजनीच्या पाण्यावरून येणारा गारठा इंदापुरात घराघरांत शिरलेला. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आठ वाजता बारामतीला पोहोचायचे होते. आई शाल लपेटून मागे बसली, मी किल्ली फिरवली आणि आमची २००३ सालची गाडी नुसतीच खाकरत राहिली. सुरू झाली तेव्हा अंगणात ऊन आले होते. शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे गेली. आई काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

बॅटरी बदलली, प्लग बदलले. तरी पहाटे तोच हट्ट. दुपारी मात्र एका किल्लीत सुरू!

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापली. तिची पद्मिनी आमच्या वडिलांकडे होती. थंडीत चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, की झाले. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि चोकचे काम संगणकाकडे गेले. माझा पाय मात्र पद्मिनीतच राहिला होता.

"साहेब, पाय काढा," मिस्त्री म्हणाला. "पूर्ण दाबलं की बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच बंद होतं. नुसती किल्ली लावा, पंपाची घरघर दोन सेकंद ऐका, मग स्टार्टर मारा."

पंप ठीक होता. मग त्याने इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर मीटरवर तपासला. गार असताना त्याचा रोध दोन हजार ओहमच्या वर हवा, तापल्यावर तीनशेच्या आसपास. आमचा पहाटेच्या थंडीतही चारशे दाखवत होता. संगणकाला वाटे, इंजिन तापलेलेच आहे. तो पेट्रोल हात राखून सोडी. आकडा अशक्य नव्हता, म्हणून धोक्याचा दिवाही लागला नाही.

सुपारीएवढा तो सेन्सर बदलला. पुढच्या आठवड्यात पहाटे गाडी पहिल्या किल्लीला उठली. भवानीनगरपाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग ओलांडताना मी आईला सगळे समजावले.

आई म्हणाली, "म्हणजे तिला थंडी वाजत होती, पण सांगणाराच खोटं बोलत होता. आणि तू तिलाच दटावत होतास."

मी मुकाट्याने गाडी चालवत राहिलो.